ग्रीक मुळाचे लांबलचक इंग्रजी शब्द : सिलॅबल पाडायचे कुठे?

पाटीपेन्सिल
ऑफ्थॅल्मॉलॉजी, ऑनोमॅटोपिया, इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राफी. असा शब्द समोर आला की आठवी-नववीतली मुलं एका दमात म्हणायला जातात, मध्ये अडखळतात आणि स्पेलिंगही नेमकं तिथेच चुकतं. इंग्रजीच्या पुस्तकात सिलॅबलचे (म्हणजे एका झटक्यात म्हणायच्या उच्चाराच्या तुकड्याचे) जे नियम असतात ते 'रॅबिट' आणि 'टायगर'पुरते. ग्रीक शब्दांना ते तोकडे पडतात, म्हणून वेगळा धागा काढतेय. वर्गात उपयोगी पडणारी पद्धत अशी:

आधी जोड्या बांधा. पी एच, टी एच, सी एच, आर एच या जोड्या म्हणजे मूळ ग्रीकमधलं एकेक अक्षर: फाय, थीटा, काय (काय-स्क्वेअरमधला) आणि ऱ्हो. पेन्सिलीने खाली कंस काढायचा. या कंसाच्या आत कधीही काप घ्यायचा नाही.

मग शब्दाच्या शेपटाकडे जा. लॉजी, ग्राफी, मेट्री, नॉमी, पॅथी, स्कोपी, क्रसी यांपैकी काही असेल तर आघात (बोलतानाचा जोर) शेवटून तिसऱ्या सिलॅबलवर: बाय-ऑल-अ-जी, जी-ऑम-अ-ट्री, अ-स्ट्रॉन-अ-मी, डि-मॉक-र-सी. शेवट 'इक' असेल तर त्याच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर: डे-म-क्रॅट-इक. 'आयटिस' आणि 'ओसिस' असतील तर त्यांच्या पहिल्याच स्वरावर: आर-थ्राय-टिस, न्यू-रो-सिस.

आघाताची जागा मिळाली की तिथून उलटं, शब्दाच्या सुरुवातीकडे मोजत जा. पुढून मोजलं तर लांब शब्दात हिशेब हमखास चुकतो.

ऑफ्थॅल्मॉलॉजी घ्या. स्पेलिंग: ओ पी एच टी एच ए एल एम ओ एल ओ जी वाय. पी एच आणि टी एच या दोन जोड्या पाठीला पाठ लावून आहेत. लॉजीमुळे आघात 'मॉल'वर. ऑफ-थॅल-मॉल-अ-जी, पाच सिलॅबल. बोलताना बरेच जण 'ऑप-थॅल' म्हणतात, म्हणून लिहितानाही पहिला एच गळतो. डिफ्थीरिया आणि डिफ्थाँगमध्ये हेच होतं. जोडी बांधलेली असेल तर एच गळायला जागाच उरत नाही.

छापखाना
पद्धत उत्तम. फक्त एक गोष्ट सुरुवातीलाच बाजूला काढू, नाहीतर पुढे सगळे एकमेकांचं म्हणणं खोडत बसतील. 'सिलॅबल पाडणे' या नावाखाली तीन वेगळी कामं चालतात: उच्चाराचे तुकडे, व्युत्पत्तीचे घटक आणि छपाईत ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याच्या जागा. तिन्ही ठिकाणी काप वेगळा पडू शकतो.

फोटोग्राफीचे घटक दोन: फोटो + ग्राफी. उच्चाराचे तुकडे चार: फ-टॉग-र-फी. अमेरिकी छपाई उच्चाराच्या मागे जाते, त्यामुळे 'जी' हे अक्षर वरच्या ओळीत राहतं. ब्रिटिश परंपरेचा कल व्युत्पत्तीकडे, तिथे 'फोटो' वर आणि 'ग्राफी' खाली. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. एकाच पुस्तकात दोन्ही मिसळणं ही चूक.

मेरियम-वेबस्टर या अमेरिकी कोशात मुख्य शब्दात जे ठिपके दिसतात ते ओळ तोडण्यासाठी असतात. उच्चाराचे तुकडे पुढे तिरप्या रेघांच्या आत वेगळे दिलेले असतात. शब्दाच्या सुरुवातीचा एकटा स्वर सुटा करून ओळीच्या टोकाला ठेवत नाहीत, म्हणून ठिपके मोजून सिलॅबलची संख्या काढली तर एखादा कमी भरतो. 'अनॅलिसिस' उच्चारात चार सिलॅबलचा, पण ठिपके दोनच, म्हणजे तुकडे तीन. शिवाय पहिल्या ठिपक्यावर तोडलं तर वरच्या ओळीत भलताच शब्द उरतो, म्हणून शहाणा मुद्रितशोधक तिथे तोडतच नाही, पुढच्या जागेवर तोडतो. 'थेरपिस्ट'चंही तसंच. बरोबर काप 'थेर'नंतर. टी एच ई वर तोडला तर खालच्या ओळीत काय उरतं ते स्पेलिंग लिहून बघा.

गुरुलघु
पाटीपेन्सिलताई, जोड्यांचं पटलं. पण काप नक्की कुठल्या व्यंजनापाशी घ्यायचा हे अजून मोकळंच राहिलंय. 'फोटोग्राफ'मध्ये जी आणि आर दोन्ही पुढे जातात: फो-ट-ग्राफ. 'फोटोग्राफी'मध्ये जी मागे आणि आर पुढे: फ-टॉग-र-फी. अक्षरं तीच, काप वेगळा. का?

आघातामुळे. ऱ्हस्व स्वरावर आघात आला की तो पुढचं व्यंजन आपल्याकडे ओढून घेतो. आघात नसेल, किंवा स्वर दीर्घ असेल, तर व्यंजन पुढच्या स्वराबरोबर जातं. ज्यांनी शाळेत मात्रा मोजल्यात त्यांना हे नवीन नाही. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, पण त्यावर आघात येत असेल तरच. 'पुत्र'मधला पु गुरू, कारण त पु-कडे ओढला जातो. 'तुझ्या'मधला तु लघुच राहतो, 'दुसऱ्या'मधला स सुद्धा. हीच तपासणी इंग्रजीला लावा.

एकाच मुळाचे तीन शब्द शेजारी ठेवले की स्पष्ट दिसतं:
टेल-इ-ग्राफ
ट-लेग-र-फी
टेल-इ-ग्रॅफ-इक
एल पहिल्यात मागे, दुसऱ्यात पुढे, तिसऱ्यात पुन्हा मागे (तिथे पहिल्या सिलॅबलवर दुय्यम आघात आहे). जी पहिल्यात आणि तिसऱ्यात पुढे, दुसऱ्यात मागे. आघात सरकला की सगळे काप सरकतात.

देवनागरीत मात्र एक सापळा आहे. आपण जोडाक्षर पुढच्या स्वराला चिकटवून लिहितो, त्यामुळे डोळ्यांना हे-लि-कॉ-प्ट-र दिसतं आणि माणूस पाच मोजतो. आहेत चार: हेल-इ-कॉप-टर. मोजणी कानाने करायची, मात्रा-वेलांट्या बघून नाही.

सहजच
पण हेलिकॉप्टर म्हणजे हेलि + कॉप्टर ना?

छापखाना
नाही. हेलिको + प्टर. हेलिक्स म्हणजे मळसूत्रासारखा पीळ, प्टेरॉन म्हणजे पंख. व्युत्पत्तीचा सांधा ओ आणि पी यांच्या मध्ये आहे, उच्चाराचा काप पी आणि टी यांच्या मध्ये. आता 'कॉप्टर' आणि 'हेलिपॅड' इतके रुळलेत की मूळ सांधा कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या तीन कामांच्या यादीला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

न्यूजर्सीकर
त्या प्टरवरून: हाच घटक टेरोडॅक्टिलच्या सुरुवातीला आहे, तिथे पी मुका. इंग्रजी कानाला शब्दाच्या आरंभी पी-टी चालत नाही. मधे आला की दोन्ही व्यंजनं दोन सिलॅबलांत वाटली जातात आणि दोन्ही ऐकू येतात. स्पेलिंग बीची (स्पेलिंग सांगण्याच्या स्पर्धेची) तयारी करणाऱ्या मुलांना या जोड्या अशाच समोरासमोर ठेवून द्याव्यात:

निमॉनिक (आरंभी एम मुका), पण अॅम-नी-झिया
नॉस्टिक (जी मुका), पण अॅग-नॉस-टिक, डाय-अग-नो-सिस
न्यूमोनिया (पी मुका), पण अॅप-नी-आ

शब्दाच्या शेवटी हेच उलट्या बाजूने घडतं. हिम म्हणजे स्तोत्र, त्यातला एन मुका, पण हिम-नल म्हटलं की तो बोलतो. पॅराडाइममधला जी मुका, पॅर-अ-डिग-मॅट-इकमध्ये स्पष्ट. फ्लेम (कफ) आणि फ्लेग-मॅट-इक तसेच. मुकं अक्षर लक्षात राहत नसेल तर त्याच शब्दाचं असं रूप शोधायचं जिथे काप त्या अक्षरानंतर पडतो.

2023 च्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय स्पेलिंग बीचा शेवटचा शब्द सॅमोफाइल होता, वाळूत रमणारा जीव. स्पेलिंग पी एस ए एम एम ओ पी एच आय एल ई. पहिला पी मुका, दोन एम दोन सिलॅबलांत वाटलेले, पी एचची जोडी अखंड, शेवटचा ई मुका. सॅम-अ-फाइल. स्पर्धकाला शब्दाची भाषा विचारता येते. उत्तर 'ग्रीक' आलं की या चारही गोष्टी तपासायच्या. एफ लिहिण्याचा मोह तिथेच सुटतो.

पाटीपेन्सिल
शेवटच्या ई बद्दल सविस्तर लिहा ना. वर्गात सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. 'एपिटोम', 'हायपरबोल' हे उच्चार मोठी माणसंही करतात.

न्यूजर्सीकर
हो, हे नीट सांगायला हवं. ग्रीकमध्ये ज्या नामाच्या शेवटी 'ईटा' हा दीर्घ स्वर होता आणि इंग्रजीत तो नुसत्या ई ने लिहिला गेला, तिथे तो ई सहसा बोलतो आणि स्वतःचं सिलॅबल घेतो:

इ-पिट-अ-मी (चार)
हाय-पर-ब-ली (चार)
क-टॅस-ट्र-फी (चार)
अ-पॉस-ट्र-फी (चार)
अ-नेम-अ-नी (चार)
सिंग-क-पी (तीन, वैद्यकातली मूर्च्छा)
साय-की (दोन)

आघात बघा. चार सिलॅबलवाल्यांत तो शेवटून तिसऱ्यावरच आहे, म्हणजे लॉजी-ग्राफीचाच नियम. ई मुका धरला तर एक सिलॅबल कमी होतं, आघात चुकीच्या जागी पडतो आणि सगळा शब्द बिघडतो.

टेलिस्कोप, मायक्रोब, आयसोटोप, होमोफोन, फाइल-फोबवाले सगळे: यांत ई मुका. हे बहुतेक अर्वाचीन काळात जुळवलेले किंवा फ्रेंचमार्गे आलेले शब्द. घटक ओळखीचा असेल (स्कोप, फोन, टोप, फाइल, फोब, जीन) तर ई मुका धरा. नसेल तर कोश उघडा, अंदाज नको.

ओपीडी
वैद्यकीय शब्दांबद्दल दोन-तीन गोष्टी.

जोडस्वर 'ओ'. दोन घटक जुळताना मधे ओ येतो. प्रत्यय स्वराने सुरू होत असेल तर तो गळतो: गॅस्ट्र + आयटिस, गॅस्ट्रायटिस. पण पुढे प्रत्यय नसून दुसरा पूर्ण घटक असेल तर तो घटक स्वराने सुरू होत असला तरी ओ बहुधा टिकतो, आणि दोन स्वर शेजारी येऊनही वेगवेगळ्या सिलॅबलांत राहतात: गॅस-ट्रो-एन-ट-राय-टिस. सहा. ऑस-टी-ओ-आर-थ्राय-टिस, सहा. विद्यार्थी इथे ओ-ए किंवा ओ-आ एकत्र करून एक सिलॅबल खातात.

दुहेरी आर. ऱ्हो ने सुरू होणारा घटक स्वरामागे आला की जुन्या शब्दांत आर दुप्पट होतो, आर आर एच असं. काप पहिल्या आरनंतर: हेम-अर-रेज, डाय-अर-री-आ (छापील काप सांगतोय, बोलताना एकच र ऐकू येतो). रायनोरिया म्हणजे नाक गळणे, यात दोन्ही प्रकार एकाच शब्दात आहेत: आरंभी नुसता आर एच, मधे आर आर एच. ओटोराय्नो- या अर्वाचीन जोडणीत मात्र आर दुप्पट केलेला नाही, म्हणून तिथे एकच आर. परीक्षेत हटकून चुकणारी जागा.

इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राफी: इ-लेक-ट्रो-एन-सेफ-अ-लॉग-र-फी. नऊ सिलॅबल, बावीस अक्षरं. यातला 'लॉग' बघून लॉजीचा नातेवाईक समजू नका. त्यातले एल-ओ एन्सेफॅलो (मेंदू) मधले आणि जी ग्राफीमधला. दोन घटकांचे तुकडे आघाताने एकत्र बांधून हे सिलॅबल तयार झालंय. अर्थ लावायला हे सिलॅबल काही कामाचं नाही, उच्चाराला मात्र तेच मुख्य.

पाटीपेन्सिल
म्हणूनच माझं म्हणणं की मुलांना आधी घटक द्यावेत. इलेक्ट्रो, एन्सेफॅलो, ग्राफी असे तीन तुकडे कळले की स्पेलिंग आणि अर्थ एकदम हातात येतात.

गुरुलघु
स्पेलिंगसाठी मान्य. उच्चारासाठी नाही. घटकांवर थांबत वाचायची सवय लागली की प्रत्येक घटकावर सारखाच जोर पडतो: फोटो-ग्राफी, थर्मो-मीटर, डेमो-क्रसी. मराठीत बोलताना 'फोटोग्राफी' हा आपलाच शब्द झालाय, तिथे कुणी अडवणार नाही. पण इंग्रजी बोलताना थर-मॉम-इ-टर हवं, आणि 'मॉम' हे सिलॅबल थर्मो आणि मीटर दोघांचे लचके तोडून झालंय. माझा क्रम असा: लिहायला घटक, म्हणायला सिलॅबल, आणि वहीत दोन वेगळ्या ओळी. एकाच ओळीत दोन्ही प्रकारचे काप दाखवू नयेत.

पाटीपेन्सिल
दोन ओळींचं मान्य. वरच्या ओळीत घटक, खालच्या ओळीत सिलॅबल आणि आघाताखाली ठळक रेघ.

सहजच
मग किलोमीटर कि-लॉम-इ-टर का? काही जण किल-अ-मी-टर म्हणतात.

गुरुलघु
दोन्ही चालतात, कोशात दोन्ही असतात. नियमाने बघायचं तर मोजण्याचं उपकरण असेल तिथे आघात 'ऑम'वर (थर्मॉमिटर, बॅरॉमिटर, स्पीडॉमिटर) आणि एकक असेल तिथे आघात पहिल्या सिलॅबलवर (सेंटिमीटर, मिलिमीटर). किलोमीटर एकक असून उपकरणांच्या पंगतीत जाऊन बसलंय.

'इक'च्या नियमालाही अपवाद आहेत, तेवढे पाठच करावेत: अ-रिथ-म-टिक (नाम असताना), रेट-अ-रिक, पॉल-इ-टिक्स, हेर-अ-टिक, कॅथ-लिक.

न्यूजर्सीकर
स्वरांच्या जोड्यांबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. ग्रीक शब्दांत शेजारी आलेले स्वर बहुतेक वेळा फुटतात: जी-ऑग-र-फी, थी-ऑल-अ-जी, के-ऑस, आर-के-इक, मो-झे-इक. झूऑलॉजीत दोन ओ फुटतात: झो-ऑल-अ-जी. 'झू' म्हणून वाचायचं असेल तर लागोपाठ तिसरा ओ लागेल, जो स्पेलिंगमध्ये नाहीच.

न फुटणारे: ई यू (यू-फ-मिझम, न्यू-मो-निया), ए ई (एन-साय-क्लो-पी-डि-आ, ब्रिटिश स्पेलिंग), ओ आय. ओ ई दोन्हीकडे आढळतो. अ-मी-बामध्ये एक, पो-एममध्ये दोन. कारण अमीबातला ओ ई हा ग्रीक ओ आय चा लॅटिन पोशाख आहे. पोएममध्ये तो आय मधल्या वाटेत गळाला आणि उरलेले ओ व ई दोन सुटे स्वर राहिले.

ऑनोमॅटोपियात तर ओ ई आय ए असे चार स्वर रांगेत. सिलॅबल मात्र दोनच: ओ ई मिळून 'पी', आय ए मिळून 'आ'. ऑन-अ-मॅट-अ-पी-आ, सहा.

सहजच
आणि ऱ्हिदम? त्यात तर स्वरच नाही.

न्यूजर्सीकर
वाय आहे की. ग्रीक 'उप्सिलॉन' इंग्रजीत वाय होतो आणि स्वराचंच काम करतो. रि-दम, दोन सिलॅबल. दुसऱ्यात लिहिलेला स्वर नाही, एम स्वतःच सिलॅबल उभं करतो. प्रिझम, सार-कॅ-झम, लॉग-अ-रि-दम, इझमवाले सगळे शब्द याच जातीचे. छपाईत मात्र तो एम एकटा तोडून खालच्या ओळीत टाकत नाहीत. अल्गोरिदम ग्रीक नाही बरं का. ते अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून आलंय, पुढे ग्रीक 'अरिथ्मॉस'च्या प्रभावाने टी एच चिकटला.

अक्षरजुळारी
उशिरा येतोय. वैद्यकीय पाठ्यपुस्तकं दोन स्तंभांत लावतो, इंग्रजी आणि मराठी शेजारी. सॉफ्टवेअर आपोआप हायफन टाकतं, पण ग्रीक शब्द चुकीच्या जागी तुटतात. उपाय काय?

छापखाना
आधी त्या मजकुराला भाषा कुठली लावलीय ते तपासा. मराठी परिच्छेदात बसलेला इंग्रजी शब्द मराठी म्हणूनच खुणावलेला असतो, मग इंग्रजीचे हायफन-नियम त्याला लागतच नाहीत. अमेरिकी इंग्रजी आणि ब्रिटिश इंग्रजी हेही वेगळे पर्याय आहेत, संपूर्ण पुस्तकाला एकच लावा.

सॉफ्टवेअर शब्दाचा उच्चार जाणत नाही, ते अक्षरांचे साचे जुळवतं. टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत वापरलेली रीत फ्रँक लियांगने 1983 च्या स्टॅनफर्डमधल्या प्रबंधात मांडली. इंग्रजीसाठी 4447 साचे. बहुतेक जागा बरोबर सापडतात, पण जे साच्यात बसत नाहीत त्यांची छोटी अपवादयादी सोबत द्यावी लागली. तिच्यात फिलान्थ्रॉपिक आहे, ग्रीकच: फिल-अन-थ्रॉपिक. शेवटचा 'इक' तोडलेला नाही, कारण टेकमध्ये इंग्रजीला सुरुवातीची किमान दोन आणि शेवटची किमान तीन अक्षरं एकत्र ठेवायची मर्यादा असते.

तुमच्यासाठी: तुमच्या पुस्तकात वारंवार येणारे ग्रीक शब्द काढून अपवादयादीत एकदाच भरा. अधूनमधून येणाऱ्या शब्दाला ऐच्छिक हायफन घाला. वर्डमध्ये कंट्रोल आणि हायफन एकत्र दाबलं की तो बसतो. ओळ तिथे संपली तरच दिसतो, एरवी नाही. साधा हायफन हाताने टाकू नका, मजकूर सरकला की तो ओळीच्या मध्यावर उघडा पडतो.

अक्षरजुळारी
आणि ते पंचेचाळीस अक्षरांचं न्यूमोनोअल्ट्रा... वगैरे? एका प्रकरणात चौकटीत टाकलंय आणि स्तंभ जेमतेम पंचवीस अक्षरांचा.

ओपीडी
न्यू-मो-नो-अल-ट्र-माय-क्रो-स्कॉप-इक-सिल-इ-को-व्हॉल-के-नो-को-नी-ओ-सिस. एकोणीस. 1935 मध्ये अमेरिकेतल्या कोडेप्रेमींच्या संघटनेच्या अध्यक्षाने लांबीसाठीच घडवलेला शब्द. निव्वळ ग्रीक नाहीच: अल्ट्रा, सिलिको आणि व्होल्कॅनो हे लॅटिनकडचे. प्रत्यक्ष निदान लिहिताना सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) पुरतं.

छापखाना
चौकटीत ठेवायचाच असेल तर घटकाच्या सांध्यावर तोडा, असल्या शब्दात वाचकाला तेच सोयीचं पडतं. 'न्यूमोनोअल्ट्रा'पर्यंत तेरा अक्षरं, 'मायक्रोस्कोपिक' अकरा. दोन्ही मिळून चोवीस, वर हायफनचं एक घर, झाले पंचवीस. 'सिलिको'पासून पुढची एकवीस दुसऱ्या ओळीत बसतात. फक्त त्या परिच्छेदाचं समासबद्ध जुळवणं (ओळीच्या दोन्ही कडा सरळ करणं) बंद करून डावीकडे लावा, नाहीतर वरची ओळ आवळली जाईल.